ग्राउंड आणि लेखी एकाच दिवशी सुरू करा: पोलीस भरतीला पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

पोलीस शिपाई भरतीचे एकूण गुण १५०. मैदानी चाचणीचे ५०, लेखीचे १००. हा हिशेब भरतीला उतरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. तरीही नवीन पोरं पहिले चार-सहा महिने नुसती पळतात. ‘आधी ग्राउंड काढू, लेखीचं मग बघू’ हे वाक्य राज्यातल्या कुठल्याही मैदानावर ऐकू येतं. पण त्या ‘मग’ला वेळच उरत नाही. २०२४ मध्ये १९ जूनला मैदानी चाचण्या सुरू झाल्या आणि काही घटकांत (म्हणजे जिल्हा किंवा शहर पोलीस दलांत) त्या संपल्यावर थोड्याच आठवड्यांत लेखी झाली. तेवढ्यात अंकगणित, व्याकरण आणि सामान्य ज्ञान कुणी नव्याने शिकू शकत नाही.

दुसऱ्या टोकाला अभ्यासिकेतली मंडळी असतात. वर्षभर खुर्ची सोडत नाहीत आणि जाहिरात आली की थेट डांबरी रस्त्यावर सुटतात. तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतात.

माझं मत सरळ आहे. दोन्ही कामं पहिल्या दिवसापासून, थोडी थोडी करायची आणि जे कराल ते मोजून वहीत लिहायचं. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

आधी जाहिरात वाचा, गावातल्या दादाचं नंतर ऐका

दादाचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण तो बऱ्याचदा त्याच्या काळचा असतो. पूर्वी मैदानी चाचणी १०० गुणांची होती. त्यात लांब उडी आणि पुलअप्सही होते. आज शिपाई पदासाठी तीनच प्रकार आहेत. मुलांना १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५) आणि ७.२६० किलोचा गोळा (१५). मुलींना ८०० मीटर (२०), १०० मीटर (१५) आणि ४ किलोचा गोळा (१५). एसआरपीएफला (राज्य राखीव पोलीस दलाला) गणित वेगळं आहे: ५ किलोमीटर धावणे ५० गुणांना, १०० मीटर आणि गोळा प्रत्येकी २५ गुणांना. चालक पदाला १०० मीटर नाही, पण वाहन चालवण्याची परीक्षा आहे.

क्रमही बदलतो. २०१९ च्या जाहिरातीची भरती २०२१ मध्ये झाली, तेव्हा लेखी आधी होती. पुढच्या भरतीत पुन्हा मैदानी आधी आली. क्रम कसाही लागला तरी आपलं अडू नये, याचं एकच उत्तर आहे आणि ते वर सांगून झालंय.

पात्रतेच्या गोष्टी आजच तपासा. बारावी पास हवी. शिपाई पदाला मुलांची उंची किमान १६५ सेंटिमीटर, मुलींची १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर त्यात ५ सेंटिमीटरची भर पडायला हवी. एसआरपीएफला उंची १६८ लागते. शिपाई पदाला वयाची मर्यादा खुल्या गटाला १८ ते २८, मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत. एसआरपीएफला ती आणखी कमी आहे. यात सवलती आणि अपवाद आहेत, ते चालू जाहिरातीतच पाहा.

उंची अनवाणी, भिंतीला टाच लावून, दुसऱ्याकडून मोजून घ्या. संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा किंचित बुटका भरतो, म्हणून काठावर असाल तर दोन्ही वेळी मोजा. १६३ भरत असेल आणि वय वाढीचं उरलं नसेल, तर बारला लटकून दोन सेंटिमीटर मिळत नाहीत. तो वेळ दुसऱ्या परीक्षेला द्या. हे ऐकायला कडू आहे, पण दोन वर्षं घालवल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आणखी एक. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो, म्हणजे मुंबई, पुणे शहर, सातारा, नांदेड यांतलं एक निवडावं लागतं. ‘तिथे जागा जास्त’ एवढ्यावर निवडू नका. मागच्या भरतीत त्या घटकात तुमच्या प्रवर्गाचं मेरिट कितीला लागलं, ते शोधा. लेखीचा पेपर घटकागणिक वेगळा असतो आणि त्या त्या जिल्ह्यावरचे प्रश्न त्यात असतात. गडचिरोलीच्या भरतीत तर गोंडी-माडिया भाषेचा वेगळा पेपर असतो.

पहिला आठवडा: स्वतःला मोजा

सराव सुरू करण्याआधी चार आकडे वहीत यायला हवेत. तुमचं १६०० (मुलींचं ८००) किती मिनिटांत होतं, १०० मीटर किती सेकंदांत, गोळा किती मीटर जातो आणि मागच्या भरतीचा एक पेपर ९० मिनिटं लावून सोडवला तर किती गुण पडतात. पेपर पाहून लाज वाटेल. वाटू द्या. अभ्यास न करता पडलेले ४१ गुण ही फार कामाची माहिती आहे.

मग मैदानीच्या गुणांचा तक्ता समोर ठेवा. गेल्या भरतीच्या तक्त्यानुसार १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी संपवलं तर २० पैकी २०. तिथून दर २० सेकंदांना २ गुण कमी होत जातात. ६ मिनिटं ५० सेकंदांपर्यंत १० गुण राहतात, त्यानंतर थेट ५, आणि ७ मिनिटं १० सेकंदांच्या पुढे शून्य. मुलींना ८०० मीटरला पूर्ण गुण २ मिनिटं ५० सेकंदांना. गोळ्याला पूर्ण गुण मुलांना ८.५० मीटरला, मुलींना ६ मीटरला. १०० मीटरला मुलांना ११.५० सेकंद.

हा तक्ता नीट पाहिला की मेहनत कुठे टाकायची ते कळतं. समजा तुमचं १६०० सध्या ६:४० ला होतंय, म्हणजे १० गुण. ते ६:०५ वर आणलं की १४. या चार गुणांना दोन-तीन महिने लागतील. तेवढ्याच महिन्यांत रोज तास-दीड तास अंकगणित केलं तर लेखीत त्याच्या दुप्पट गुण वाढणं अवघड नाही. म्हणून पळणं सोडायचं का? नाही. मैदानीत किमान ५० टक्के, म्हणजे २५ गुण लागतात. आणि लेखीला बोलावतात जागांच्या दहापट उमेदवार, मैदानीच्या गुणांच्या क्रमाने. पन्नासपैकी तीस मिळवून पास झालेला उमेदवारसुद्धा लेखीपर्यंत पोचेलच असं नाही. मैदानी दार उघडते, आत गेल्यावर लेखी ठरवते.

पळणं

नवखा रोज जीव तोडून पळतो. रोज घड्याळ लावतो, रोज कालच्यापेक्षा कमी वेळ हवा म्हणतो. चार आठवडे सुधारणा दिसते, मग वेळ अडकतो, मग पाय दुखतो. आठवड्यातलं बहुतेक पळणं सावकाश हवं. सावकाश म्हणजे सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं. बोलता बोलता धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. पहिले चार-पाच आठवडे एवढंच करा: २० मिनिटांपासून सुरू करून ४० मिनिटांपर्यंत, लागलं तर मध्ये चालत. मातीवर पळा. डांबरी आणि काँक्रीटचा रस्ता शक्यतो टाळा.

त्यानंतर आठवड्यातून एक दिवस वेगाचा. इथे थोडं गणित लागतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १६०० म्हणजे चार राऊंड. ५:१० हवं असेल तर प्रत्येक राऊंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. ६:१० हवं असेल तर साधारण ९२-९३ सेकंदांत. बहुतेक पोरं पहिला राऊंड ७० ला काढतात, तिसऱ्याला मरतात आणि चौथ्यात चालायला लागतात. म्हणून तुमच्या लक्ष्याच्या वेगाने ४०० मीटर पळा, दोन-तीन मिनिटं चाला, पुन्हा पळा. असे चार. पुढे पाच, सहा. वेग वाढवायचा नाही, तोच वेग पायात बसवायचा. पहिल्या आणि चौथ्या राऊंडमधला फरक दोन-तीन सेकंदांवर आला की समजा शर्यतीचा वेग हाताशी आला. गावात ट्रॅक नसेल तर शाळेच्या मैदानाला टेपने मोजून चुन्याच्या खुणा करा. ‘अंदाजे चारशे’ चालत नाही. फेरी २० मीटरने चुकली तर चार राऊंडात ८० मीटर जातात आणि चाचणीच्या दिवशी आपला आकडा खोटा निघतो.

पूर्ण १६०० घड्याळ लावून दोन आठवड्यांतून एकदाच. त्या दिवशी प्रत्येक राऊंडचा वेळ मित्राला लिहायला सांगा.

१०० मीटरला दम नव्हे, वेग लागतो आणि तो थकलेल्या पायात येत नाही. म्हणून हा सराव वॉर्मअपनंतर लगेच करायचा: ४० ते ६० मीटरचे सहा-आठ स्प्रिंट, प्रत्येकानंतर पूर्ण विश्रांती. रेषेपाशी थांबू नका, दहा मीटर पुढपर्यंत पळत जा. रेषेच्या आधी वेग सोडणारे किती तरी असतात आणि इथे दशांश सेकंदानेही गुण हलतात.

नडगीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण भरतीतून पोरं बाहेर पडतात ती जास्त करून इथेच. नडगीच्या आतल्या बाजूला लांबट भागात ठसठस होत असेल तर पळणं अचानक वाढल्याची ती खूण आहे. आठ-दहा दिवस पळणं बंद, सायकल चालवा, पोटऱ्यांचा व्यायाम करा, मग निम्म्यावरून सुरुवात. पण दुखणं एका बोटाएवढ्या जागी असेल, दाबलं की कळ येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर ते वेगळं असू शकतं. हाडाला तडा गेलेला असू शकतो. तेव्हा क्रेप बँडेज बांधून ‘बघू’ म्हणायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडायला झालं किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक हृदयाने गेलं असेल, तर सराव पुढे नेण्याआधी तपासणी आणि ईसीजी करून घ्या. तापात पळायचं नाही, एक दिवससुद्धा नाही. मुलींनी हिमोग्लोबिन तपासावं. सरकारी दवाखान्यात ते होतं. दोन महिने नियमित सराव करूनही दम वाढत नसेल तर बऱ्याचदा कारण रक्तात असतं आणि दोष मात्र आळसाला लागतो. टॉनिक, इंजेक्शन, ‘पावडर’ देणारे मैदानाभोवती फिरत असतातच. त्यांच्यापासून लांब राहा. शेंगदाणे, गूळ, अंडी, मोड आलेली कडधान्यं, भाकरी आणि पोटभर पाणी एवढ्यात काम भागतं.

गोळा: सगळ्यात स्वस्त गुण

हे १५ गुण लोक फुकट सोडतात. ताकदीचं काम आहे असं समजून बारीक अंगाची पोरं आधीच हार मानतात. प्रत्यक्षात दोन महिन्यांत तंत्र बसलं की अंतर दीड मीटरपर्यंत वाढलेलं पाहायला मिळतं.

गोळा तळहातावर ठेवायचा नाही. बोटांच्या बुडाशी ठेवायचा, अंगठा आणि करंगळीने बाजूंनी आधार द्यायचा. मग तो जबड्याखाली मानेला टेकवायचा आणि कोपर बाहेर काढायचं. उजव्या हाताने टाकणाऱ्याने डावा खांदा फेकीच्या दिशेला ठेवायचा, वजन वाकवलेल्या उजव्या गुडघ्यावर घ्यायचं आणि छाती मागे वळवायची. सुरुवात पायाने करायची. पाय ताठ होतो, कंबर वळते, छाती समोर येते आणि सगळ्यात शेवटी हात सरळ होतो. नवखा हे उलट करतो. हात आधी जातो, पाय मागे राहतात आणि गोळा पाच मीटरवर पडतो. कोपर गोळ्याच्या मागेच राहिलं पाहिजे. ते खाली आलं की क्रिकेटचा थ्रो होतो आणि खांद्याची वाट लागते.

उंचीचा अंदाज येण्यासाठी समोर थोड्या अंतरावर, डोक्यापेक्षा हातभर वर दोरी बांधा आणि तिच्यावरून गोळा घालवा. एका वेळी १२-१५ फेकी पुरेत, आठवड्यातून दोन-तीनदा. सोबत जोर, बैठका आणि पोटाचे व्यायाम. फेक झाल्यावर तोल सावरून वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर यायची सवय आत्ताच लावा. चांगली फेक फाऊल होण्यासारखं दुःख नाही.

गोळा विकत घेतलात तर किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहा. स्वस्तातले गोळे कधी कधी हलके निघतात. त्यावर केलेलं साडेआठ मीटर मग मैदानात साडेसात भरतं.

लेखी

१०० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. पेपर मराठीत. एवढ्यावरून एक गोष्ट उघड आहे: ‘येतं’ आणि ‘५४ सेकंदांत येतं’ यांत फरक आहे.

सुरुवात अंकगणितापासून करा, कारण त्याला सगळ्यात जास्त दिवस लागतात. ३० पर्यंतचे पाढे, ३० पर्यंतचे वर्ग आणि १५ पर्यंतचे घन तोंडपाठ हवेत. ज्यांना पाढे येत नाहीत ते प्रत्येक गणिताला वीस सेकंद जास्त देतात आणि मग पेपर पुरला नाही म्हणतात. प्रकरणांचा क्रम असा ठेवा: अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी. ही चार पक्की झाली की नफा-तोटा, व्याज, काळ-काम-वेग ही त्यांचीच पोटप्रकरणं वाटू लागतात.

व्याकरणात पाठांतर कमी आणि ओळख जास्त लागते. प्रयोग घ्या. ‘शिपायाने चोर पकडला’ आणि ‘शिपायाने चोराला पकडले’. व्याख्या आठवत बसू नका. चोराच्या जागी ‘टोळी’ घाला. ‘शिपायाने टोळी पकडली’: क्रियापद बदललं, म्हणजे ते कर्माच्या मागे चाललंय, कर्मणी. ‘शिपायाने टोळीला पकडले’: बदललं नाही, भावे. पाच सेकंदांत उत्तर. समास, विभक्ती, शब्दांच्या जाती यांनाही अशाच छोट्या कसोट्या आहेत. त्या प्रत्येक प्रकरणाच्या वर लिहून ठेवा. म्हणी आणि वाक्प्रचार रोज पाच.

सामान्य ज्ञानात लोक वाहवत जातात. जगातल्या सर्वांत लांब नद्यांपेक्षा आपल्या जिल्ह्यातलं धरण कोणत्या नदीवर आहे ते आधी. राज्याचे सहा प्रशासकीय विभाग आणि ३६ जिल्हे, घाट, समाजसुधारक, पंचायत राज. पोलीस खात्याची हुद्द्यांची उतरंड, ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद, २ जानेवारीचा स्थापना दिवस. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, हेही. चालू घडामोडींना रोज एक वर्तमानपत्र आणि महिन्याला एक उजळणी पुरते. दहा टेलिग्राम चॅनेलांच्या पीडीएफ उतरवून ठेवणं हा अभ्यास नाही.

आता वाचायचं कसं, हे. बहुतेक जण पुस्तकाला पिवळ्या रंगात रंगवतात आणि तेच पान चारदा वाचतात. चौथ्यांदा वाचताना ‘हे येतंय’ असं वाटतं, कारण पान ओळखीचं झालेलं असतं. परीक्षेत मात्र पान समोर नसतं. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याची चाचणी घेतली होती. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

करायचं ते सोपं आहे. एक प्रकरण वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. त्याच रात्री एकदा, दोन दिवसांनी एकदा, आठवड्याने, महिन्याने. प्रत्येक वेळी आधी आठवायचं, मग पाहायचं. पहिले काही दिवस याचा वैताग येतो, कारण आपल्याला किती कमी येतं ते उघडं पडतं. अभ्यासिकेत शेजारचा तीस पानं वाचून झाला आणि आपण सहावरच आहोत, असंही होईल. होऊ द्या.

चुकांची वही

एकच वही वेगळी ठेवा. सराव पेपरात चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहायचा, पण उत्तर नव्हे, कारण लिहायचं. उदाहरणच घ्या. ‘१ मे १९६० रोजी रविवार होता, तर १ मे १९६१ रोजी कोणता वार?’ पुष्कळ जण मंगळवार लिहितात. १९६० लीप वर्ष, म्हणून दोन वार पुढे, असा विचार. पण १९६० ची २९ फेब्रुवारी मे उजाडायच्या आधीच होऊन गेली होती. मधले दिवस ३६५, म्हणून एकच वार पुढे, सोमवार. वहीत एवढंच यायला हवं: ‘लीप वर्ष असेल तर २९ फेब्रुवारी दोन तारखांच्या मध्ये येते का ते पाहणे.’

चुका तीन प्रकारच्या निघतात. माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही आणि येत होतं पण घाईत प्रश्न नीट वाचला नाही. पुढे तीन खुणा करा. महिन्याअखेरीस मोजा. तिसरा प्रकार जास्त असेल तर नवीन पुस्तक घेऊन काही होणार नाही. प्रश्नातल्या ‘नाही’, ‘चुकीचे’, ‘वगळता’ अशा शब्दांखाली रेघ मारायची सवय लावा.

आठवड्याला एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, ओएमआरवर (गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर). झेरॉक्सच्या दुकानात कोरी ओएमआर मिळते. गोल काळे करायला किती वेळ जातो हे पुस्तकात टिक करून कळत नाही. आधी येणारे सोडवा, मग गणितं, मग अडलेले. आतापर्यंत या लेखीला चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नव्हते. तुमच्या जाहिरातीतही तसंच असेल तर एकही गोल कोरा सोडू नका.

दिवस कसा लावायचा

कंपनीत शिफ्ट करणारा, शेतात हात घालणारी, कॉलेजला जाणारा, प्रत्येकाचा दिवस वेगळा. त्यामुळे तासागणिक वेळापत्रक देत नाही. सकाळी दीड तास मैदान आणि दिवसभरात तीन-चार तास खरा अभ्यास, एवढं जमलं तर पुष्कळ झालं. बारा तास अभ्यासिकेत बसल्याची स्टेटस टाकणारे त्यातले किती तास मोबाइलवर असतात, हे त्यांनाच माहीत. गणित सकाळी, मैदानाहून आल्यावर खाऊन. पाठांतर रात्री. आठवड्याचा एक दिवस मैदान पूर्ण बंद.

झोप सात तास. पहाटे साडेचारला उठायचं तर साडेनऊला मोबाइल दुसऱ्या खोलीत गेला पाहिजे. रात्री बारापर्यंत रील आणि पहाटे ग्राउंड हे फार तर दोन महिने जमतं.

अकॅडमी लावावी का? मैदान, गोळा आणि सोबत गावात मिळत असेल तर गरज नाही. नसेल तर लावा, पण आधी आठवडाभर जाऊन पाहा. शंभर पोरांना एकत्र पळवून मास्तर खुर्चीत बसत असतील तर पैसे देऊ नका. मूळ कागदपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत. ‘आत ओळख आहे, काम करून देतो’ म्हणणारा भेटला तर उठून निघून या.

आणि कॉलेज सोडू नका. भरती दर वर्षी निघेल याचा भरवसा नाही. दोन भरत्यांमध्ये वर्ष-दोन वर्षं सहज जातात. पदवी असेल तर एमपीएससीतून पीएसआयचा रस्ताही उघडा राहतो.

कागदपत्रांचं एका वाक्यात: डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यांवरची नावं, स्पेलिंग आणि मुदतीच्या तारखा जाहिरात येण्याआधी जुळवून घ्या, कारण नंतर सेतू केंद्रावर रांग लागते.

चाचणीच्या आधीचे दिवस

शेवटचे आठ-दहा दिवस सराव निम्मा करा. वेग तोच, फेऱ्या कमी. या दिवसांत नवीन दम येत नाही, थकवा मात्र येऊ शकतो. नवीन बूट घेऊ नका. स्पाइक घालायचे असतील तर तुमच्या घटकाच्या सूचनांत परवानगी आहे का ते पाहा आणि महिनाभर आधी त्यांत पळून घ्या.

आदल्या दिवशी त्या शहरात पोचा, पण रात्र फूटपाथवर काढू नका. नातेवाईक, धर्मशाळा, ओळखीच्या पोराची खोली, काहीतरी आधी ठरवा. २०२४ ची मैदानी भर पावसाळ्यात आली आणि पावसामुळे ठिकठिकाणी तारखा पुढे गेल्या. म्हणून दोन दिवसांचे जास्तीचे कपडे आणि पैसे सोबत असू द्या, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. सकाळी रोज खाता तेच खा, पळण्याच्या दोन तास आधी. पायाला वेळ मोजणारी चिप लावतात. ती नीट बांधली आहे का ते स्वतः पाहा. १६०० ला सुटताना शेजारचे सगळे वेड्यासारखे पुढे जातील, तुम्ही आपला राऊंड आपल्या सेकंदांत काढा. दुसऱ्या राऊंडपासून ते एकेक करून मागे येतात. गुण लिहिल्यावर सही करण्याआधी आकडा वाचा. हरकत असेल तर तिथेच, त्याच वेळी, नम्रपणे सांगा. घरी आल्यावर त्याला अर्थ उरत नाही.

मैदानी झाली की दुसऱ्या दिवशी झोप काढा आणि तिसऱ्या दिवशी सराव पेपर. गुण कमी पडले असं वाटत असलं तरी यादीची वाट पाहत अभ्यास थांबवू नका.

निवड झाली तर पुढे पोलीस प्रशिक्षण केंद्र: खंडाळा, नानवीज, तुरची, जालना, नागपूर, जिथे नंबर लागेल तिथे. तिथे पहाटेची पीटी, कवायत, शस्त्रं आणि वर्गात कायदा. न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम यांची परीक्षा असते. अंतिम यादी आणि तिथलं बोलावणं यांच्यात काही आठवडे, कधी महिने जातात. सत्कार होतात, जेवणं होतात, वजन पाच-सहा किलोने वाढतं आणि पहिल्या आठवड्यातच पाय सुजतात. त्या काळात आठवड्यातून चार दिवस सावकाश पळणं चालू ठेवा आणि न्याय संहितेची रोज चार-पाच कलमं, पुस्तक मिटून, लिहून काढा.